माझ्या वर्गाला क्लास लागत नाही

११ सप्टेंबर
शाळा सुरू. पाद्री आले, तुळशीच्या जुडीनं तीर्थ शिंपडून गेले. मुलांवर थोडं पडलं, माझ्या लॅपटॉपवर बरंच. 'ओ' हे अक्षर उमटेनासं झालंय. शुभ असतं म्हणतात.

आजपासून रोजनिशी. कारण हे वर्ष नोंद ठेवण्यासारखं होणार आहे. उन्हाळ्यात 'मेंदूस्नेही वर्ग' हा ऑनलाइन सेमिनार पूर्ण केला. प्रमाणपत्र फ्रेम करून घेतलं (माझ्या बायकोनं, एवान्थियानं, ते बाथरूमबाहेरच्या भिंतीवर लावलं; म्हणाली, बाकी भिंतींवर जागा नाही). कितीतरी वर्षं आमच्या कार्दित्सा गावच्या सरकारी शाळेत फिजिक्स शिकवतोय आणि तितकीच वर्षं शेवटच्या वर्षाची पोरं माझ्यापुढं झोपताहेत. संध्याकाळभर खासगी क्लास, सकाळी शाळेत झोप. मला वाटायचं, मी कंटाळवाणा आहे. आता शास्त्र कळलं. दोष माझा नाही, त्यांच्या मेंदूतल्या डोपामिनचा आहे.

स्टाफरूममध्ये उभा राहून जाहीर केलं: यंदा माझ्या वर्गाला क्लास लागणार नाही. एकालाही नाही. भाषा शिकवणारी किरियाकूला म्हणाली, पेरिक्लिस, आधी बस, तुझी कॉफी सांडतेय. सांडत होती. पँटवर. दिवसभर फाइल पुढं धरून फिरलो.

१३ सप्टेंबर
चौकातल्या कॅफेत लेआन्द्रोस भेटला. समोरच त्याचा क्लास, गावातला सगळ्यात मोठा. योआनिनाच्या विद्यापीठात आम्ही एका बाकावर फिजिक्स शिकलो. मला सरकारी नेमणूक मिळाली, त्याला मिळाली नाही. बिचाऱ्यानं मग क्लास काढला. आता बिचाऱ्याचे तीन मजले आहेत.

माझी घोषणा त्याच्यापर्यंत पोचली होती. म्हणाला, ऐकलं, तू मला भिकेला लावणार आहेस. मी म्हणालो, शास्त्राचा इलाज नाही रे. तर हसून म्हणाला, मिर्तोला तरी पाठव की. माझी मिर्तो यंदा माझ्याच वर्गात आहे, तिला लारिसाला मेडिकलला जायचंय, आणि त्याच्या प्रवेशपरीक्षेत फिजिक्सचा पेपर असतो. मी म्हणालो, रसायन आणि जीवशास्त्राची शिकवणी लावलीय तिला, ते माझे विषय नाहीत. पण फिजिक्सला? बाप घरात असताना? ती तुझी पायरी चढली तर मी या चौकात तोंड दाखवणार नाही.

जरा मोठ्यानं बोललो बहुतेक. कॅफेतली माणसं बघायला लागली. घरी येताना कान तापले होते. ऊन असेल.

२४ सप्टेंबर
सेमिनार सांगतो: लक्ष दहा मिनिटं टिकतं, मग मेंदूला धक्का हवा. स्वयंपाकघरातला अंड्याच्या आकाराचा टायमर नेला. दर दहा मिनिटांनी टर्रर्र. सगळ्यांनी उठायचं, हात वर, खोल श्वास, बसायचं.

शेवटच्या बाकावरचा लाझारोस उठत नाही. बायबलातला मेलेला लाझारोस निदान चौथ्या दिवशी उठला. हा दोन आठवडे होत आले तरी नाही. आज टायमर वाजला तेव्हा त्यानं डोळे न उघडता नुसते हात वर केले, खाली घेतले आणि पुन्हा घोरू लागला. पोरं हसली. म्हणजे वर्गात सकारात्मक भावना निर्माण झाली. ही नोंद महत्त्वाची.

शेजारच्या वर्गातून किरियाकूला आली. म्हणाली, तुझं अंडं वाजलं की माझी पोरं सुट्टी झाली समजून दप्तरं भरतात. टायमर आजच्यापुरता बंद. प्रयोगात असं होतंच.

३ ऑक्टोबर
घडलेलं लिहायची लाज वाटते, म्हणून थोडक्यात.

नावीन्यानं डोपामिन वाढतं. म्हणून चेंडू. ज्याच्याकडं फेकेन त्यानं उत्तर द्यायचं. लाझारोसकडं जरा जोरात फेकला. तो भिंतीला लागून उलटा आला आणि फळ्याच्या वर टांगलेल्या येशूच्या तसबिरीवर बसला. काच फुटली. तसबीर फळ्याच्या खाचेत उभीच्या उभी सरकली आणि थेट माझ्याकडं पाहू लागली.

मुख्याध्यापिकाबाई आल्या. मी गुडघ्यांवर बसून वर्गाकडं पाठ करून काचा वेचत होतो. धर्माच्या सरांची लेखी माफी मागायला लावली. धर्माचे सर म्हणाले, त्यानं याहून मोठ्या गोष्टी माफ केल्यात, पण काचेचं तू बघ.

मिर्तो पहिल्या बाकावर दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. रडत होती की काय? विचारायचं धाडस झालं नाही.

कारण: चेंडू रबरी होता. कापडी हवा होता.

१५ ऑक्टोबर
पहिली मोठी टेस्ट. वीसपैकी मिर्तोला आठ. माझ्या मुलीला. फिजिक्समध्ये. पेपर तपासताना तिच्या पेपरवर मी माझाच हात ठेवून बसलो, कुणी बघू नये म्हणून. स्टाफरूममध्ये कुणीही नव्हतं.

घरी मी तिला समजावलं की भीतीनं मेंदूतला अमिग्डाला पेटतो आणि मग आठवत नाही. ती म्हणाली, बाबा, मला आठवायला काही नव्हतंच. मला कळतच नाही तू काय शिकवतोस. तू दोरीवरचा ताण सुरू करतोस, मग अंडं वाजतं, मग श्वास घ्यायचा, मग तू मेंदूचं चित्र दाखवतोस, मग तास संपतो. दोरी तशीच लटकत राहते. सगळे लेआन्द्रोसकाकांकडं जातात, त्यांना सगळं येतं. मला एकटीला येत नाही. एक वर्षच तर आहे, मला जाऊ दे ना.

मी म्हणालो, नाही. म्हणालो, तू गेलीस तर मी शाळेत कुठल्या तोंडानं उभा राहू? आणि सगळे जातात हेही खरं नाही, माझ्या वर्गात तरी. ती खोलीत गेली. मिर्तोचं मेडिकल फिजिक्सवर अडलंय आणि फिजिक्स माझ्यावर. माझ्यासाठी ही अभिमानाची गोष्ट असायला हवी. तरी जेवण गेलं नाही.

एवान्थिया दिवसभर फार्मसीत लोकांची डोकेदुखी ऐकते आणि घरी आल्यावर माझी.  आज माझं संपायच्या आतच तिनं ताटं उचलली. 

२२ ऑक्टोबर
आनंदाची बातमी. मिर्तोनं पारंपरिक नाचाचं मंडळ लावलं. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी. एवान्थियानं ठरवलं म्हणे. मी लगेच होकार दिला. सेमिनारचा पाचवा भाग पूर्ण नाचावरच आहे: लयबद्ध हालचाल, हिप्पोकॅम्पस, स्मरणशक्ती. हे मी त्या दोघींना सविस्तर समजावलं. मायलेकी इतक्या लक्षपूर्वक ऐकत होत्या की मध्ये एकदाही कुणी 'पुरे' म्हणालं नाही. असं घरात पहिल्यांदाच घडलं.

१२ नोव्हेंबर
वर्गाचा सहभाग मोजण्यासाठी सेमिनारचा परदेशी तक्ता वापरला. त्यात 'मान वर केली' म्हणजे लक्ष आहे, एक गुण. मागं बसून नोंद करायला किरियाकूलाला विनवणी केली. मी दर थोड्या वेळानं विचारत होतो, समजलं का? अख्खा वर्ग एकदम मान वर करायचा. पैकीच्या पैकी गुण!

तास संपल्यावर किरियाकूला म्हणाली, पेरिक्लिस, तू कुठल्या देशात जन्मलास रे? पोरं भुवया चढवून मान मागं टाकत होती. आपल्याकडं त्याला 'नाही' म्हणतात. तुझी आईसुद्धा तुला तसंच 'नाही' म्हणायची.

मला माहीत होतं. म्हणजे, आयुष्यभर माहीत आहे. पण तक्त्यात तशी सोय नव्हती. तक्ता ठेवून दिला. गुण मात्र खोडले नाहीत, शाईचे होते.

२८ नोव्हेंबर
मिर्तोला पंधरा. पंधरा! नाच लावून महिना झाला फक्त. मी ग्राफ काढला: एका बाजूला नाचाचे दिवस, दुसऱ्या बाजूला गुण. रेघ सरळ वर. एवान्थियाला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, छान काढलायस. आणि मग उगीचच माझ्या केसांवरून हात फिरवला. शेवटचा कधी फिरवला होता आठवत नाही.

वर्गाचेही गुण वाढताहेत. लाझारोसला चौदा. झोपेत शिकण्यावर सेमिनारमध्ये एक भाग होता, तो पुन्हा बघायला हवा.

१८ डिसेंबर
गावभर धुकं. काल मिर्तो सायकलवरून आली ती थरथरत, अंगावर जॅकेट नाही. निळं, गेल्या वर्षी तिच्या नावाच्या सणाला मीच घेतलेलं, पाठीवर पांढरा पट्टा. म्हणाली, नाचाच्या हॉलवर राहिलं. मी म्हणालो, चल, घेऊन येऊ. म्हणाली, बंद झाला हॉल. आज म्हणाली, सापडलं नाही. मी विस्मरणावर छोटं भाषण दिलं. ऐकताना तिचे डोळे भरून आले. एवढ्याशा जॅकेटसाठी! मलाच वाईट वाटलं, भाषण अर्धवट सोडलं.

चौकात लेआन्द्रोसची आई, स्तामाताआजी, भेटली. ती दिवसभर क्लासच्या दारात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या हातात चीजची पुरी कोंबते. मला थांबवून म्हणाली, अरे, तुझी पोर फार वाळलीय, खात नाही काही. मी म्हणालो, नाचते ना, आजी. ती म्हणाली, कोण नाचते? वय झालं. लोकांना ओळखायला चुकते.

१५ जानेवारी
ताजी हवा, प्राणवायू, सतर्क मेंदू. सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर पाणी गोठलं होतं. वर्ग खरोखर सतर्क झाला: लाझारोससुद्धा टोपी घालायला हलला. उद्या पाच पालकांचे फोन येणार आहेत असं मुख्याध्यापिकाबाईंनी आजच सांगितलं. खिडक्या बंद. प्रयोगशाळेच्या कोठीत जाऊन थोडा वेळ बसलो. तिथं कुणी येत नाही.

स्वच्छतागृहाच्या दारावर कुणीतरी 'डोपामिन' लिहून खाली माझं चित्र काढलंय. चित्रात मी अंड्यावर बसलोय. अंडं उबवतोय. चित्र चांगलं आहे, हे जास्त लागलं.

१९ फेब्रुवारी
विजय! शिक्षणखात्याच्या सल्लागारबाई माझा तास बघायला आल्या. जिल्ह्यातल्या 'उत्तम उपक्रमां'साठी निवड करणाऱ्या त्याच. खडू तीनदा मोडला. धोका नको म्हणून अंडं घरी ठेवलं.

मी कप्पीवरचं गणित घातलं, दोन्ही टोकांना दोन वजनं, सगळ्यात किचकट. आणि काय सांगू! हात वर, हात वर, हात वर. फळ्यावर आलेल्या प्रत्येकानं एकच युक्ती वापरली. दोरी मध्येच कापल्यासारखी दाखवायची, प्रत्येक तुकड्याचे बाण वेगळे काढायचे, मग बेरीज. ही युक्ती मी शिकवलेली नाही. एक मुलगी तर फळ्याकडं जाताना स्वतःशीच पुटपुटली, आधी दोरी काप, मग बोल. ते वाक्य कुठंतरी ऐकलंय. योआनिनाला कुणाच्या तरी तोंडी असायचं. मिर्तोही परवा भांडी पुसताना हेच म्हणत होती.

बाई म्हणाल्या, सगळे एकाच पद्धतीनं सोडवतात, कमाल आहे. मी म्हणालो, मिरर न्यूरॉन्स. एक चेतला की सगळे चेततात. मागून कुणीतरी खोकलं. मग दुसरं कुणी. मग जवळजवळ सगळा वर्ग. थंडीचे दिवस. मिर्तो बाकावरच्या एका ओरखड्याकडं बघत होती.

एप्रिलमध्ये लारिसाला मला भाषण द्यायला बोलावलंय.

२५ मार्च
राष्ट्रीय दिन. संचलन, मग चौकात नाच. मी पहिल्या रांगेत खुर्ची धरून, फोन चार्ज करून. नाचाचं मंडळ आलं. त्यात मिर्तो नाही. दोनदा मोजलं. मंडळाच्या बाईंना विचारायला निघालो तर एवान्थियानं कोपर घट्ट धरलं. म्हणाली, अरे, सकाळी पाय मुरगळला तिचा, तुला सांगायचं राहिलं.

घरी गेलो तर खरंच, मिर्तो सोफ्यावर, उजव्या पायाला पट्टी. मी बर्फ लावला, शेजारी बसून राहिलो. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, बाबा, तू खूप चांगला आहेस रे. मी म्हणालो, दुखतंय फार?

२७ मार्च
मिर्तो आज डाव्या पायानं लंगडत होती. मेंदू वेदनेची जागा बदलू शकतो, असं कुठंतरी वाचलंय. शोधायला हवं.

खरं सांगायचं तर शोधायची इच्छा नाही.  लारिसाच्या भाषणाची धास्ती असणार.

१० एप्रिल
लारिसा. मोठं सभागृह. आदल्या दिवशी मिर्तोनं हात जोडले, बाबा, माझा ग्राफ दाखवू नकोस, प्लीज, बाकी काय हवं ते दाखव. मी म्हणालो, नाव घालणार नाही. नाव घातलं नाही. 'माझी मुलगी' असं म्हणालो.

प्रश्नोत्तरात मागच्या रांगेतला एक चष्मेवाला उठला. त्यानं विचारलं, ही मुलं संध्याकाळी क्लासला जात असतील, तो भाग तुम्ही कसा वगळला? सभागृहात हशा.  मग सुचलं. म्हणालो, इतरांचं मी सांगू शकत नाही. पण या ग्राफमधली मुलगी माझ्या घरात राहते. ती कुठल्याही फिजिक्सच्या क्लासला जात नाही, हे मी शपथेवर सांगतो. टाळ्या! मोठ्या टाळ्या!

सोबत आलेली किरियाकूला मध्येच उठून बाहेर गेली. मत्सर, दुसरं काय. परतीच्या प्रवासात ती शेजारीच होती, पण अख्खा वेळ खिडकीबाहेर कापसाची मोकळी रानं बघत होती. उतरताना म्हणाली, पेरिक्लिस, तू शपथ कशाला घेतलीस रे? मी म्हणालो, खरी गोष्ट होती म्हणून. ती म्हणाली, बरं. 

९ मे
शेवटच्या वर्षाची पोरं वर्षभर गैरहजेऱ्या साठवतात आणि मे महिन्यात उधळतात. आमच्या काळातही हेच. सरकारच जितकं गैरहजर राहू देतं तितकं ती घरी बसतात, म्हणजे क्लासला. गेल्या आठवड्यात पाच होती, सोमवारी तीन.

आज वर्गात मिर्तो एकटी. आणि लाझारोस, पण तो घरी जायला विसरला असावा.

मी म्हणालो, तूही घरी जा, अभ्यास कर, हजेरी लावतो मी. ती म्हणाली, नको, तू शिकव. मी विचारलं, काय शिकवू? म्हणाली, तुला आवडतं ते. मग मी चेंडू नाही, अंडं नाही, स्लाइड नाही, नुसता खडू घेऊन प्रकाशावर बोललो. प्रकाश वाकतो कसा, आणि विद्यार्थी असताना मला ते कळलं त्या दिवशी योआनिनाच्या तळ्याकाठी मी एकटाच कसा हसत सुटलो होतो. अभ्यासक्रमात नाही ते. मिर्तो गालावर हात ठेवून ऐकत होती. घंटा झाली तरी मला कळलं नाही.

शास्त्रीयदृष्ट्या नोंद घेण्यासारखं काही नाही. तरी लिहिलं.

११ जून
फिजिक्सचा पेपर. केंद्राबाहेर झाडाखाली उभा. मिर्तो बाहेर आली, मला बघून हसली आणि आधी पलीकडं कुणाला तरी हात केला. तिकडं लेआन्द्रोस होता, सगळ्या पोरांच्या घोळक्यात. माझीच पोरं. म्हणजे माझ्या वर्गाची. मलाच हात केला असेल, नेम चुकला.

२८ जून
एकोणीसच्या वर! मिर्तोला फिजिक्समध्ये वीसपैकी एकोणीसच्या वर! गावात सगळ्यात जास्त. मी तिला उचलून गरागरा फिरवलं, पाठीत उसण भरली. ती हसली, रडली, मग नुसती रडली. म्हणाली, बाबा, मला तुला काहीतरी सांगायचंय. मी म्हणालो, काही सांगू नकोस, मला सगळं कळलं. तुझ्या बापाचे आभार मानायची गरज नाही.

 एवान्थियाकडं बघितलं तिनं. एवान्थिया पाठमोरी होती.

२९ जुलै
प्रवेश जाहीर. मिर्तो, मेडिकल, लारिसा. पहिली पसंती.

जे घडलं ते सगळं लिहितो.

सकाळी चौकात गेलो. लेआन्द्रोसच्या इमारतीवर वरपासून खालपर्यंत फ्लेक्स लागला होता, दरवर्षीसारखा: 'आमचे यशस्वी विद्यार्थी', फोटो आणि कुठं प्रवेश मिळाला ते. कॅफेच्या खुर्चीत बसून एकेक चेहरा वाचला. माझा अख्खा वर्ग. सगळेच्या सगळे. कप्पीवाली मुलगी. खोकणारे. लाझारोससुद्धा, पात्रा शहरातलं पॉलिटेक्निक. फोटोत त्याचे डोळे उघडे होते. मी ते वर्षभरात पहिल्यांदा पाहिले.

 मग पुन्हा वाचलं. आणि उठून उभा राहिलो. मिर्तो नव्हती! सगळ्यांत जास्त गुण, आणि ती फ्लेक्सवर नव्हती. सगळी तुझी, लेआन्द्रोस, पण एक माझी!

कॅफेत सगळ्यांना माझ्यातर्फे त्सिपुरोची दारू मागवली. किरियाकूला होती, लेआन्द्रोसही होता, कोपऱ्यात, त्याला हाताला धरून मध्ये आणला. ओरडलो, सांग सगळ्यांना, आहे का माझी मुलगी तुझ्या फ्लेक्सवर? आहे का? तो म्हणाला, नाही, पेरिक्लिस. मी म्हणालो, मोठ्यानं सांग. तो मोठ्यानं म्हणाला, नाही. आणि हळूच, पोर गुणाची आहे तुझी, अभिनंदन. कुणीच ग्लास उचलत नव्हतं. मला वाटलं, उन्हामुळं.

तेवढ्यात रस्ता ओलांडून स्तामाताआजी आली. दोन्ही हातांत धरून निळं जॅकेट, पाठीवर पांढरा पट्टा. धुतलेलं, इस्त्री केलेलं. म्हणाली, बरा सापडलास. हिवाळ्यापासून आमच्याकडंच आहे, वरच्या वर्गात हीटरजवळ विसरली होती, मी कपाटात ठेवलं आणि विसरून गेले. तिला म्हणावं, डॉक्टर झालीस तरी आजीकडं येत जा, आता मंगळवार-गुरुवार दार सुनं वाटतं. लेआन्द्रोस म्हणाला, आई, आत जा. ती म्हणाली, का, काय बोलले मी?

जॅकेट माझ्या हातात. फार हलकं होतं.

सगळ्यांना माहीत होतं. कॅफेवाल्यालासुद्धा. तो टेबल पुसत होता, स्वच्छ टेबल.

लेआन्द्रोसनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, फ्लेक्सवर पहिला फोटो तिचाच होता रे. छापायला जायच्या आदल्या दिवशी आली. म्हणाली, काका, माझा काढा. माझा बाबा रोज समोर कॉफी प्यायला बसतो.

आजवर या वहीत प्रत्येक गोष्टीला कारण लिहिलं. चेंडू रबरी होता, तक्ता परदेशी होता, ऊन होतं. आज बराच वेळ शोधलं. मुलीनं माझी लाज झाकली आणि मी चौकात उभा राहून ती स्वतःच्या हातानं उघडी केली. मला लाज वाटते. लारिसात शपथ घेतली त्याची, आणि आठ गुणांच्या पेपरवर हात ठेवून बसलो त्याची. ती क्लासला जाऊ दे म्हणाली तेव्हा मला माझं तोंड आठवलं, तिचं नाही, याची सगळ्यात जास्त.

३० जुलै
सकाळी मिर्तोच्या खुर्चीवर जॅकेट ठेवलं. ती उठली, बघितलं, तशीच उभी राहिली. मी म्हणालो, आजीनं इस्त्री केलीय. 

म्हणाली, आई म्हणायची सांगून टाकू, पण तू इतका खूश होतास. मी म्हणालो, लेआन्द्रोसला सांगतो, तुझा फोटो लाव, सगळ्यात वर. म्हणाली, नको, बाबा. मी म्हणालो, मग मी कॅफे बदलतो. म्हणाली, तेही नको, तुला दुसरीकडची कॉफी आवडत नाही.

मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. वर्षभरात मी शिकवलेलं काही एक तरी लक्षात राहिलं का? काहीही.

ती खूप वेळ विचार करत बसली. मनापासून शोधत होती, ते बघवत नव्हतं. प्रकाश म्हणेल असं वाटलं होतं.

म्हणाली, चेंडू. तो येशूला लागला ना, तो. तू काचा वेचत होतास, पाठ आमच्याकडं होती. सगळा वर्ग तोंड दाबून हसत होता, मीसुद्धा, पोट दुखेपर्यंत. आणि बाबा, तुला सांगायचं राहिलं, त्या दिवशी लाझारोससुद्धा जागा होता.